शाकाहारी घरात ओमेगा-३: ईपीए जास्त असलेलं तेल कुठलं?

मुलगा अकरा वर्षांचा, एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) निदान झालंय. त्यासाठीचं मिथाइलफेनिडेट हे औषध चालू आहे आणि ते चालूच राहणार. जोडीला ओमेगा-३ द्यायला डॉक्टरांची हरकत नाही, फक्त फार अपेक्षा ठेवू नका म्हणाले. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, डी तपासून झालंय. बी१२ कमी निघालं, त्याच्या गोळ्या सुरू आहेत.

घरात मासे चालत नाहीत. (प्राणिज जिलेटिनच्या कॅप्सूलवरूनही सासूबाईंशी चर्चा झाली, ती असो.) जवसाची चटणी तो आवडीने खातो, पण जवसातल्या एएलए या ओमेगा-३चं शरीरात ईपीए (आम्हाला हवा असलेला ओमेगा-३चा प्रकार) अगदीच थोडं बनतं, म्हणून त्यावर भिस्त नाही. शेवाळाची तेलं पाहिली, तर बहुतेकांत डीएचए हा दुसरा प्रकारच जास्त. लेबलं म्हणजे वैताग: पुढे ठळक १००० मिग्रॅ, खरा ईपीएचा आकडा मागे मुंगीएवढ्या अक्षरात. शिवाय कॅप्सूल त्याला गिळता येत नाही; फोडून वरणात घातली तर पहिल्याच घासाला ताट सरकवलं.

ब्राह्मी, शंखपुष्पी कृपया सुचवू नका, चालू औषधासोबत प्रयोग नकोत.

कोणी मुलांना शेवाळाचं, ईपीए असलेलं पातळ तेल दिलंय का? कुठलं, एका चमच्यात ईपीए किती, आणि वास कशात लपतो?