चंद्रपूरचे वाघ दुसरीकडे हलवून प्रश्न सुटेल का?

रानवाट: २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले. त्यातला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा. ताडोबा-अंधारीचा गाभा सव्वासहाशे चौ.किमी.चा, म्हणून कितीतरी वाघ ब्रह्मपुरीच्या साध्या जंगलात, गावांना खेटून राहतात. मे २०२३ मध्ये तिथल्या दोन वाघिणी गोंदिया-भंडाऱ्याकडच्या नवेगाव-नागझिऱ्यात सोडल्या. हे काम वाढवायला हवं. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात जागा आहे, इथे रोज जीव टांगणीला.

मोहफूल: मी सिंदेवाहीकडची. माझी आई मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला टोपली घेऊन निघते. मोहाची फुलं पहाटे गळतात, उशीर केला की गुरं-हरणं खाऊन टाकतात. वाकून वेचणारी बाई झुडपाआडून वाघाला माणूस वाटतच नाही. एक वाघीण नेली तर तिची हद्द रिकामी राहील का? पावसाळ्याच्या आत दुसरी येऊन बसते. आम्हाला गाडी भरून वाघ गेल्याचे फोटो नकोत. मोह-तेंदूच्या दिवसांत टोळीसोबत वनरक्षक द्या, वाघ कुठे फिरतोय ते आदल्या संध्याकाळी गावात सांगा.

रानवाट: जागा पुन्हा भरते, मान्य. पण पिल्लं मोठी होऊन जाणार कुठे?

टिपेश्वरकर: ती आपली आपण जातात! यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरणा वाघ २०१९ मध्ये सुमारे तेराशे किलोमीटर भटकत बुलढाण्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. दुसरा धाराशिवच्या येडशीपर्यंत गेला. वाट मोकळी ठेवा, एवढंच. नोव्हेंबर २०१८ मध्ये चिचपल्लीजवळ रेल्वेखाली तीन बछडे गेले. पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाखाली वाघांसाठी वाटा काढल्या, तसं या रुळांवर का होत नाही?

रानवाट: सह्याद्री फार लांब आहे, मधे पठार, ऊस, शहरं. तिथे वाघ नेऊनच सोडावा लागेल. या एका मुद्द्यावर मी हटणार नाही.

मोहफूल: सह्याद्रीत न्या, माझी ना नाही. पण "चंद्रपूरचा भार कमी झाला" असं म्हणू नका. आई उद्याही पहाटे चारलाच निघणार आहे, आणि बफरमधला, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातला, आमचा मोह जंगलाच्या कडेलाच आहे.

टिपेश्वरकर: ताई, तुमच्या गावात आदल्या संध्याकाळी निरोप येतो का सध्या?

मोहफूल: कधी येतो, कधी नाही. गेल्या हंगामात दोनदा आला. त्या दोन्ही दिवशी बाया गेल्या नाहीत.