शिसे ‘आढळले नाही’ म्हणजे नेमके काय?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या बोअरच्या पाण्यात एका प्रयोगशाळेला शिसे आढळले नाही, दुसरीने लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम दाखवले. मग खरे कोणाचे, असा प्रश्न पडतो. दोघांचेही खरे असू शकते. ज्वालेवरच्या अणुशोषण यंत्राला (नमुना ज्वाळेत सोडून अणूंनी शोषलेला प्रकाश मोजणारे यंत्र) इतके कमी शिसे दिसतच नाही. ज्वालेऐवजी ग्राफाइट भट्टी असलेल्या यंत्राला किंवा आयसीपी-एमएसला (अणू वस्तुमानावरून ओळखणारे महागडे यंत्र) सहज दिसते. भारतीय मानकाची मर्यादाच १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणून अहवालावर पद्धत आणि शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला दिसू शकणारे कमीत कमी प्रमाण, छापून मागाच.

पण आयसीपी-एमएससारखे महागडे यंत्रही फसते. पाणी खारट असेल तर यंत्रातला आर्गॉन वायू आणि पाण्यातले क्लोरीन जोडले जाऊन वस्तुमान ७५ चा आयन बनतो, अगदी आर्सेनिकएवढा! असे जोड-आयन अडवणारा हेलियमचा कक्ष वापरला नाही तर नसलेले आर्सेनिक दिसते.

आणि बाटली! मी बडोद्यात हेच काम करतो. लोक साध्या बाटलीत पाणी आणतात, आम्लही घातलेले नसते, तेव्हा जीव तुटतो. शिसे बाटलीच्या भिंतीला चिकटते. आम्लाने धुतलेली प्लास्टिकची बाटली घ्या, शुद्ध नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणा. सोबत कोरा नमुनाही, म्हणजे तेच आम्ल घातलेले शुद्ध पाणी, द्या. कित्येकदा शिसे त्या आम्लातूनच आलेले असते.