आठवड्याला एक ब्लॉगलेख: दीड-दोन महिन्यांनी गाडी का अडते?

पानथळ (प्रश्न)

गूगलच्या ब्लॉगर या सेवेवर वैयक्तिक ब्लॉग आहे. विषय घरचा स्वयंपाक, मंडई, परसातली झाडं. दर रविवारी सकाळी लेख टाकायचा असं ठरलेलं आहे. सहा-सात रविवार नीट जातात, मग एक चुकतो, आणि एकदा चुकला की पुढचे दोन-तीन महिने ब्लॉग बंद. विषयांची टंचाई नाही. फोनवर पन्नासेक विषय लिहून ठेवलेले आहेत. तरी शनिवारी रात्री बसलं की दोन-अडीच तास जातात आणि लेख अर्धाच होतो. लेख हजार-बाराशे शब्दांचे, टंकन फोनवर. नोकरीमुळे सलग वेळ मिळत नाही, पण आठवड्यात वीस-तीस मिनिटांचे तुकडे निघतात. यात नेमकं काय बदलावं?

दौत-टाक

शनिवारी रात्री तुम्ही चार वेगळी कामं एका बैठकीत करता आहात: विषय निवडणं, माहिती आठवणं, लिहिणं आणि लिहिलेलं सुधारणं. यातलं पहिलं सगळ्यात जास्त वेळ खातं, कारण पन्नासातून एक निवडताना बाकीचे एकोणपन्नास समोर उभे असतात. कामं दिवसांवर वाटून टाका. सोमवारी फक्त विषय ठरवायचा, पाच मिनिटं. बुधवारी वीस मिनिटं कच्चं लिहायचं, मागे वळून न बघता. शुक्रवारी अर्ध्या तासात लेख पुरा. शनिवारी वीस मिनिटं मोठ्याने वाचून दुरुस्ती, शीर्षक, फोटो. बेरीज सव्वा तास होते आणि तुमच्याकडे जे तुकडे आहेत त्यातच बसते. बुधवारी थांबताना वाक्य अर्ध्यात सोडून उठा. शुक्रवारी तेच वाक्य पुरं करत सुरुवात होते, कोऱ्या पडद्याशी गाठ पडत नाही.

हजार-बाराशे शब्द मात्र कमी करा. फोनवर सरावाने मिनिटाला वीस शब्द धरले तरी बाराशे शब्दांचं नुसतं टंकनच तासभर. चारशे-पाचशे शब्दांचा लेख वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो. मोठा विषय असेल तर त्यातला एकच पदर घ्या.

आता त्या पन्नास विषयांबद्दल. बहुतेक नोंदी "पावसाळी भाज्या" अशा असणार. अशी नोंद तीन आठवड्यांनी उघडली की तिच्यातून काहीच निघत नाही, कारण ती टिपताना जे डोळ्यांसमोर होतं ते लिहून ठेवलेलं नसतं. नोंद अशी हवी: "टाकळा. पहिल्या पावसानंतर मंडईत. जुडी मुळासकट. पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, संध्याकाळी मिटतात. कोवळाच घ्यायचा, जून पाला चरबट. विदर्भात तरोटा. लसूण जास्त का घालतात?" ही चाळीस सेकंदांत टिपून होते. लेखाचा सांगाडा तिच्यातच आहे: शेवटचा प्रश्न सुरुवातीला घ्यायचा आणि बाकीच्या नोंदींनी उत्तराकडे जायचं. माझं मत असं की ज्या नोंदीत एक नेमकी वस्तू आणि एक प्रश्न नाही ती नोंद ठेवूच नये. पन्नासांपैकी अशा दहा निघाल्या तरी अडीच महिने निघतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शिल्लक. पुन्हा सुरू करण्याआधी चार लेख पुरे लिहा आणि तोपर्यंत एकही टाकू नका. मग पहिला टाका, तीन हातात ठेवा. दर आठवड्याला एक जातो, एक नवा येतो. पाहुणे आले, ताप आला, मार्चअखेर आली, तरी तीन रविवार सुरक्षित. शिलकीत एकच उरला की त्या आठवड्यात अवघड विषय घ्यायचा नाही. एक फोटो आणि दीडशे शब्द, किंवा "या आठवड्यात मंडईत काय दिसलं" एवढंच. शिलकीतले लेख ऋतूला बांधलेले नसावेत. आंब्याचा लेख जूनअखेर निघाला तर वाचणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. फोडणीचा क्रम, लोखंडी तव्याची निगा असे विषय बाराही महिने चालतात.

जुळारी

वरच्या व्यवस्थेला थोडा तांत्रिक आधार लागतो, तो सांगतो.

शिल्लक ठेवायची तर लेख आपोआप निघायला हवा. ब्लॉगरमध्ये लेख लिहिताना उजवीकडच्या पट्टीत प्रकाशनाची तारीख-वेळ पुढची देता येते. त्यानंतर पब्लिश दाबावंच लागतं. नुसतं सेव्ह केलं तर तो मसुदाच राहतो. त्याआधी सेटिंग्जमध्ये वेळ-विभाग पाहा. तिथे अमेरिकेची पॅसिफिक वेळ राहिली असेल तर रविवारी सकाळी 7 ला लावलेला लेख भारतात रात्री साडेसातला निघतो, आणि त्यांच्याकडे हिवाळी घड्याळ लागलं की साडेआठला. कोलकाता, म्हणजे साडेपाच तास पुढची वेळ निवडायची.

स्वतःच्या होस्टिंगवर (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) वर्डप्रेस ही दुसरी ब्लॉग-प्रणाली वापरणाऱ्यांसाठी: तिथे ठरलेल्या वेळेचा लेख निघत नाही ही कायमची तक्रार असते. वर्डप्रेस वेळ तपासतं ते कुणी पान उघडलं तरच. सकाळी 7 ला कुणी फिरकलंच नाही तर लेख पुढच्या वाचकाची वाट बघत बसतो. होस्टिंगच्या नियंत्रण-पटलावर दर 15 मिनिटांनी आपोआप चालणारं काम (त्याला क्रॉन म्हणतात) लावून द्यायचं, म्हणजे वाचकावर अवलंबून राहावं लागत नाही.

नोंदी टिपायला ब्लॉगरची ईमेल सोय वापरा. सेटिंग्जमध्ये एक गुप्त पत्ता तयार करता येतो. त्यावर पाठवलेल्या पत्राचा विषय हे शीर्षक होतं आणि मजकूर मसुद्यात जमा होतो. "मसुदा म्हणून जतन" हाच पर्याय निवडायचा, नाहीतर अर्धी नोंद थेट प्रसिद्ध होईल. पत्राखालची सहीसुद्धा मसुद्यात येते, ती काढायला विसरू नका. बसमधून पाठवलेली नोंद बुधवारी लिहायला बसाल तिथेच सापडते.

लेख दुव्यानिशी पाठवायचा असेल तर लेखाच्या वेब-पत्त्याकडे लक्ष द्या. मराठी शीर्षक असलं की ब्लॉगर पत्त्यात नुसतं "ब्लॉग-पोस्ट" आणि आकडे घालतो, त्यामुळे सहा महिन्यांनी कोणता दुवा कशाचा ते कळत नाही. प्रसिद्ध करण्याआधी दोन-तीन रोमन शब्दांचा पत्ता स्वतः द्या. वर्डप्रेसमध्ये उलट होतं: देवनागरी पत्ता ठेवता येतो, पण प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक काना-वेलांटी आतून नऊ चिन्हांची होते. "पावसाळी भाज्या" या दोन शब्दांची 118 चिन्हं भरतात आणि मर्यादा 200 ची आहे. म्हणून लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो.

वर्डमधून मजकूर चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही. साधं चिकटवलं तर वर्डचे फाँट आणि अंतरं बरोबर येतात, आणि मग शनिवारची वीस मिनिटं ती सारखी करण्यातच जातात.

पानथळ

दोघांचेही आभार. दोन शंका आहेत. "आजीच्या स्वयंपाकघरातली भांडी" ही सात भागांची मालिका डोक्यात आहे. ती नियमितपणाला मदत करेल की अडचण? आणि इतक्या दिवसांनी परत येताना वाचकांना काय सांगावं?

उंबरठा

मालिकेबद्दल आधी. क्रमांक घातलेली मालिका ब्लॉग बंद पाडते, आणि कारण सरळ आहे. तिसरा भाग अडला की चौथा टाकता येत नाही, आणि मालिका अर्धी असताना दुसऱ्या विषयावर लिहिणं चुकीचं वाटतं. एका पाट्यामुळे सगळा ब्लॉग अडतो. सातही भागांचा कच्चा मसुदा तयार होईपर्यंत पहिला टाकू नका. एवढं जमणार नसेल तर क्रमांकच देऊ नका. पाटा-वरवंटा, बंब, फिरकीचा तांब्या, सोऱ्या असे स्वतंत्र लेख लिहा आणि सगळ्यांना "भांडी" हे एक लेबल लावा. लेबलवर टिचकी मारली की वाचकाला मालिकाच दिसते. कोणता आधी, कोणता नंतर, मध्ये किती रविवार गेले, हा प्रश्न उरत नाही.

परत येताना काहीच सांगू नका. "खूप दिवसांनी लिहितोय, क्षमस्व" असा लेख सगळ्यात आधी लिहावासा वाटतो. त्यात वाचकाला वाचण्यासारखं काही नसतं, आणि लिहिणाऱ्याचं अवसान मात्र त्यात खर्च होतं. शिवाय पुढच्या खंडानंतर तसाच दुसरा लिहावा लागतो. सरळ टाकळ्याचा लेख टाका.

दौत-टाक यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. पूर्णवेळ नोकरी असताना आठवड्याला एक हा वेग मुळात जास्त आहे. महिन्यात दोन धरा, पहिला आणि तिसरा रविवार. शिलकीचे तीन लेख मग दीड महिना पुरतात, आणि भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतचा काळ तेवढ्यात बराचसा निघतो. बहुतेक ब्लॉग याच काळात थांबतात, म्हणून श्रावणातच शिल्लक भरून घ्यावी. वर्षाचे चोवीस लेख होतात, आणि प्रत्येकाला त्यांनी सांगितलेला सव्वा तास दोनदा मिळतो.

दौत-टाक

पंधरवड्याचा हिशेब मान्य. फक्त लिहिण्याचे दिवस पंधरवड्यावर नेऊ नका. लेख दोन आठवड्यांनी निघू दे, पण बुधवारची वीस मिनिटं दर आठवड्याला हवीत. मधला बुधवार सुटला की पुढच्या बुधवारी हात पुन्हा जड होतो.

जुळारी

एक राहिलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी सेटिंग्जमधून ब्लॉगचा बॅकअप उतरवून घ्या. त्या फाइलमध्ये लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, लेखाच्या तारखेच्या नावाने. चढवण्याआधी रुंदी 1600 पिक्सेलपर्यंत आणा. फोनचा मूळ फोटो तीन-चार एमबीचा असतो आणि मोबाइल डेटावर पान उघडायला वेळ लागतो. वाचकसंख्या त्याच दिवशी बघा, मधे नको. आणि आकडेवारीत स्वतःच्या भेटी न मोजण्याची खूण करून ठेवा, नाहीतर दुरुस्तीसाठी दहा वेळा उघडलेलं पानच सगळ्यात वाचलेलं दिसतं.