मदत हवी आहे: देशासाठी भारी, क्लबमध्ये साधारण, असं का होतं?

नमस्कार मंडळी. मोमिनपुऱ्यात शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवतो. एकाने विचारलं, “सर, ओचोआला मोठ्या क्लबने का नाही घेतलं?” मी अडकलो. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये ब्राझीलला ०-० वर रोखणारा, २०२२ मध्ये पोलंडच्या लेवांडोव्स्कीची पेनल्टी अडवणारा हा मेक्सिकोचा गोलकीपर. युरोपात मात्र अजाक्सियो (फ्रान्स), ग्रनाडा (स्पेन), सालेर्निताना (इटली) असे छोटे क्लब, आणि हे तिन्ही संघ तो असतानाच खालच्या श्रेणीत गेले. वाईट वाटतं हो.

जुन्या मॅचेस पाहून झाल्या. ‘नशीब’, ‘पैसा’ ही उत्तरं नकोत, पोरांना पटत नाहीत. दुखापतही नाही, तो वर्षानुवर्षं खेळलाय.

पायाने पास खेळण्यात कमी पडणं, उंची, की युरोपबाहेरच्या खेळाडूंवरची मर्यादा, गोलकीपरच्या बाबतीत क्लब नेमकं कशावर अडतात?