मुलाखतीत "तुमच्याकडचे सगळे सारखेच" हे ऐकावं लागलं. पुढे काय करू?

निशिगंधा

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी भारतात बीडीएस केलं, चार वर्षं प्रॅक्टिस केली आणि लग्नानंतर २०१९ मध्ये अमेरिकेत आले. भारतातली पदवी इथे बहुतेक ठिकाणी पुरत नाही. परदेशात शिकलेल्या डेंटिस्टसाठी डेंटल स्कूलमध्ये दोन-तीन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो, तो करून डीडीएस किंवा डीएमडी ही इथली पदवी घ्यावी लागते. आयएनबीडीई ही इथली डेंटिस्टची लेखी परीक्षा पास झाले, कॅपिड या सामाईक ऑनलाइन अर्जसेवेतून अर्ज भरले. गेल्या वर्षी एकही बोलावणं आलं नाही. या वर्षी दोन आली. पहिलं गेल्या मंगळवारी झालं, दुसरं तीन आठवड्यांनी आहे.

सकाळी बेंच टेस्ट होती, म्हणजे नकली दातांवर हाताच्या कामाची परीक्षा. तीस नंबरच्या दातावर क्राउन प्रेप, म्हणजे कॅप बसवण्यासाठी दात घासून तयार करणं. आपण ज्याला ४६ म्हणतो तो दात. इथले आकडे वर्षभर घोकलेत, तरी कागद हातात पडल्यावर टायपोडॉन्टवर (नकली दातांच्या जबड्यावर) बोट ठेवून मागून बत्तीस, एकतीस, तीस असं मोजून खात्री केली. काम मनासारखं झालं. कडेने एक्स्प्लोरर (दात तपासायचं टोकदार हत्यार) फिरवून पाहिला, कुठेही अडकला नाही. वेळ संपायला सहा मिनिटं बाकी होती. तिथून बाहेर पडले तेव्हा मी खूश होते, हे मुद्दाम लिहितेय. परीक्षा वाईट गेली म्हणून खापर फोडतेय असं नाही.

दुपारी मुलाखत. समोर दोघं. एक ज्येष्ठ प्राध्यापक, आणि क्लिनिकमध्ये शिकवणाऱ्या एक बाई. सरांनी फाइलवरचं नाव पाहिलं आणि म्हणाले, "हे मला जमणार नाही, मी तुम्हाला 'एन' म्हणतो." ठीक आहे म्हटलं. मग म्हणाले, "तुमच्या देशातून आमच्याकडे ढिगाने अर्ज येतात. मार्क सारखे, पत्रं सारखी, उत्तरंसुद्धा सारखी. तुमच्याकडचे सगळे मला सारखेच वाटतात. तुम्हाला मी का लक्षात ठेवू?" मी काहीतरी मेहनत, चिकाटी असं बोलले. त्यावर, "तुमच्या संस्कृतीत डॉक्टर सांगेल ते पेशंट मुकाट्याने ऐकतात ना? इथले पेशंट प्रश्न विचारतात. ते तुम्हाला झेपेल?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. बाईंनी मध्ये पडून एका केसबद्दल विचारलं, त्याचं उत्तर मी दिलं, पण डोक्यात तेच वाक्य. शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" असं म्हणाले तेव्हा तयार केलेले तिन्ही प्रश्न विसरले होते.

नवरा म्हणतो सोडून दे, तो माणूस सगळ्यांना ताणत असेल. असेलही. पण आठ दिवस झाले, रात्री दोनला जाग येते आणि मी त्या खोलीत असते. तुम्ही याला भेदभाव म्हणाल का? शाळेला लिहावं का, की लिहिलं तर जी काही आशा आहे तीही जाईल? आणि पुढच्या मुलाखतीत पुन्हा असा प्रश्न आला तर काय बोलायचं?

सदानंद_

लिहू नका, असा माझा स्पष्ट सल्ला. स्ट्रेस इंटरव्ह्यू असतो, मुद्दाम टोचतात आणि तुम्ही कसं सावरता ते बघतात. त्या कोर्समध्ये निम्मी मुलं भारतातली असतील. त्यांना भारतीय नको असते तर घेतले असते का? निकाल हातात नाही तोवर शांत बसा आणि पुढची तयारी करा.

वाटसरू

निशिगंधा, मी एका डेंटल स्कूलमध्ये शिकवतो आणि आठ वर्षं अशा मुलाखती घेतोय. कुठे ते लिहीत नाही.

तुमच्याबाबतीत घडलेल्या गोष्टी वेगवेगळ्या करून बघा, एकाच पोत्यात भरू नका. "तुम्हाला का घ्यावं" हा प्रश्न आम्ही प्रत्येकाला विचारतो, त्यात गैर काही नाही. पण "तुमच्याकडचे सगळे सारखेच" हे प्रश्न नव्हे, मत आहे. समोरच्याने ते खोडून काढायचं ओझं उमेदवारावर टाकलंय. आणि तिसरा, संस्कृतीचा. पेशंटशी कसं बोलाल हे विचारायलाच हवं, पण ते विचारायला तुमचा देश मध्ये आणायची गरज काय? इथे वाढलेल्या मुलाला आम्ही विचारतो, "पेशंट तुमचा सल्ला मानायला तयार नाही, काय कराल?" तोच प्रश्न तुम्हाला विचारता आला असता. मोजायचं कौशल्य एकच, पण तुम्हाला आधी तुमच्या देशाच्या वतीने खुलासा द्यावा लागला. माझ्या मते हे चुकीचं आहे. याने तुमचे मार्क कमी झाले का, हे मात्र या तीन वाक्यांवरून सांगता येणार नाही. आमच्याकडे दोघं परीक्षक मार्क स्वतंत्रपणे लिहितात, एकमेकांचे बघत नाहीत. तिथेही तसंच असेल तर त्या बाईंच्या कागदावर काय आहे ते तुम्हाला ठाऊक नाही.

माझी एक गोष्ट सांगतो, सांगताना बरं वाटत नाही. पहिली दोन वर्षं मी आपल्याच मुलामुलींना सगळ्यांत कमी मार्क देत होतो. पाठ केलेलं उत्तर मला लगेच ओळखू यायचं, कारण ते क्लासवाले, ती वाक्यं, तो सूर माझ्या ओळखीचा. ब्राझीलहून आलेल्या मुलाने तितकंच पाठ केलेलं असायचं, ते माझ्या लक्षात येत नव्हतं. एका सहकारी बाईंनी माझे दोन वर्षांचे आकडे समोर ठेवले तेव्हा कळलं. तेव्हापासून मी प्रत्येक उत्तराचे मार्क त्या उत्तरानंतर लगेच लिहितो, शेवटी एकदम नाही.

हे फक्त माझं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजने २०१२-१३ मध्ये प्रवेश समितीच्या १४० जणांची नकळत असलेल्या कलाची चाचणी घेतली. समितीत गोऱ्यांकडे झुकणारा कल निघाला. नंतर ज्यांनी प्रश्नावली भरून दिली त्यांच्यातल्या ४८ टक्के लोकांनी सांगितलं की पुढच्या मुलाखती घेताना आपला निकाल आपल्या मनात होता. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने एकाच मोठ्या मुलाखतीऐवजी अनेक छोट्या मुलाखतींची पद्धत काढली, २००४ मध्ये त्यावर निबंध छापला, आज ती एमएमआय म्हणून सगळीकडे दिसते. एका माणसाची मर्जी किंवा नावड सगळ्या निकालावर बसू नये, हा त्यातला मोठा फायदा. तुमची दुसरी मुलाखत एमएमआय असेल तर एका खोलीत बिनसलं तरी पुढच्या दारामागे नवा माणूस असतो, हे लक्षात ठेवा.

आता उत्तराचं. देशाची बाजू मांडत बसू नका, त्यात तुमची दहा मिनिटं जातील. एक पेशंट सांगा. तुमच्याकडे चार वर्षांची प्रॅक्टिस आहे. असा कोण पेशंट होता, ज्याने तुमचं ऐकलं नाही? इथेच लिहा बघू.

कावेरी_

निशिगंधा, अगं आधी एक काम कर. हे वाचलंस की लगेच उठून सगळं कागदावर लिही. तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, कोण काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, इंग्रजीत जसंच्या तसं. तुला काय वाटलं ते वेगळ्या पानावर. आठ दिवसांत शब्द सरकतात. मी हे महिन्याने केलं आणि मला विचारलेला प्रश्न "हाऊ विल यू" होता की "कॅन यू" होता हेच मला सांगता येईना. तक्रारीत सगळा फरक त्या एका शब्दाचा होता.

माझं फार्मसीच्या प्रवेशाचं होतं. मुलाखत घेणाऱ्याने माझ्या उच्चारांवरून दोनदा हसून "पेशंटला भाषांतर लागेल" असं म्हटलं. मी प्रवेश विभागाला एक पानी पत्र पाठवलं. आरोप नाही, फक्त काय घडलं आणि "दुसऱ्या परीक्षकापुढे मुलाखत मिळेल का" एवढीच विनंती. डीनचा फोन आला, दुसरी मुलाखत मिळाली. तिथे प्रवेश नाही मिळाला. पत्रामुळे नाही मिळाला का, मला कधीच कळलं नाही आणि ते कळत नाही याचा त्रास होतो, खोटं कशाला बोलू. पण पत्र पाठवल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

कायद्याचं थोडक्यात. १९६४ च्या सिव्हिल राइट्स ॲक्टमधलं सहावं प्रकरण वंश, वर्ण आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करतं, आणि सरकारी पैसा घेणाऱ्या खासगी संस्थांनाही ते लागू आहे. शिक्षण खात्याच्या ऑफिस फॉर सिव्हिल राइट्सकडे तक्रार करायची मुदत साधारणपणे घटनेपासून १८० दिवस. म्हणजे आजच्या आज ठरवायची तुझ्यावर सक्ती नाही. निकाल येऊ दे, दुसरी मुलाखत होऊ दे, तोवर कागद तयार ठेव.

सदानंद, "त्यांच्याकडे भारतीय आहेतच की" हे मला पटत नाही. लंडनच्या सेंट जॉर्जेस मेडिकल स्कूलचं प्रकरण वाचा. अर्जांची पहिली चाळणी लावायला त्यांनी एक संगणक प्रोग्राम केला, जुन्या परीक्षकांचे निर्णय बघून बसवलेला. नाव युरोपीय वाटलं नाही की गुण कमी, बाई असली की कमी. वर्षाला सुमारे ६० जणांना त्यापायी मुलाखतीचं बोलावणंच गेलं नसावं, असं १९८८ मध्ये तिथल्या वांशिक समानता आयोगाच्या चौकशीत निघालं. आणि त्याच कॉलेजात लंडनमधल्या इतर बहुतेक मेडिकल कॉलेजांपेक्षा बिगरयुरोपीय मुलं जास्त होती! आत किती आहेत यावरून दारात किती अडले ते कळत नाही.

सदानंद_

सेंट जॉर्जेसचं माहीत नव्हतं. निम्मी मुलं भारतीय हा माझा मुद्दा मागे घेतो. पत्र निकालानंतरच पाठवावं यावर मात्र मी ठाम आहे. माझ्या मुलीनेही यातून जाताना फार सोसलंय, म्हणून काळजीने लिहिलं.

निशिगंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. कावेरीताई, रात्रीच लिहून काढलं. लिहिताना लक्षात आलं की "एन म्हणतो" याचा मला सगळ्यांत कमी राग आहे आणि "झेपेल का" याचा सगळ्यांत जास्त. त्या दिवशी बेंच टेस्टला शेजारी बसलेल्या मुलाला मेसेज केला. तो दुसऱ्या देशातला, परीक्षक तेच दोघं. त्याला "का लक्षात ठेवू" विचारलं होतं, देशाबद्दल किंवा संस्कृतीबद्दल एक शब्द नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, कळतंय. तरी ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले आणि रडले.

वाटसरू, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. एक रिक्षाचालक होते, वय चाळिशीतलं, गुटख्याची पंधरा वर्षांची सवय. दाढ काढायला आले होते. तोंड उघडा म्हटलं तर दोनच बोटं आत जात होती. तीन जायला हवीत. गाल आतून पांढरट आणि चामड्यासारखे ताठ. सबम्यूकस फायब्रोसिस, तोंड आतून ताठ होत जाऊन कमी उघडतं तो आजार. मी गुटखा सोडा म्हटलं, ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दाढ काढा, बाकीचं माझं मी बघतो." मुकाट्याने ऐकणारे पेशंट म्हणे!

पुढच्या वेळी मी उपदेश केला नाही. त्यांच्या हातात आरसा दिला, गालाला आतून बोट लावायला लावलं आणि आइसक्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा दिला. दातांमध्ये मावतील तेवढ्या काड्या धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायचा प्रयत्न करायचा. मोजपट्टीने पहिल्या दिवशी २४ मिलिमीटर भरलं होतं. ते भांडायचे, दोनदा यायचे बंद झाले, परत आले. सात महिन्यांनी २९ झालं. गुटखा पूर्ण सुटला असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण काड्यांची संख्या ते रिक्षातल्या वहीत भाड्याच्या हिशोबाशेजारी लिहायचे, ती वही मला दाखवायला आणायचे.

त्या खोलीत मला हे आठवलंच नाही. चार वर्षांची माणसं होती माझ्याकडे आणि मी "चिकाटी" म्हणाले.

वाटसरू

हेच सांगा. काड्या आणि वही दोन्ही ठेवा. "सुटला असं सांगू शकत नाही" हे वाक्य अजिबात गाळू नका, ते ऐकून मी पेन उचललं असतं. दोन मिनिटांत बसवा आणि शब्द पाठ करू नका, दरवेळी वेगळ्या शब्दांत सांगून बघा. संस्कृतीचा प्रश्न पुन्हा आलाच तर "सगळ्यांबद्दल मला बोलता येणार नाही, एका पेशंटबद्दल सांगते" एवढं म्हणून सुरू करा. आवाज चढवू नका, हसूही नका.

आणि नावाचं. पुढच्या वेळी आत गेल्या गेल्या स्वतःच सावकाश सांगा, चार तुकड्यांत. नंतरही कोणी "एन" म्हणालं तर एकदा सरळ दुरुस्त करा. त्याने मार्क जात नाहीत. निदान माझ्या कागदावर तरी नाही.

निशिगंधा

कळवायला आले. दुसरी मुलाखत काल झाली. एमएमआयच होती, सहा खोल्या. चौथ्या खोलीत प्रश्न होता, पेशंट उपचाराला नाही म्हणतो, काय कराल. मी रिक्षावाल्या काकांबद्दल सांगितलं. समोरच्या बाईंनी विचारलं, "किती काड्यांपर्यंत गेले?" आणि वेळ संपल्याची घंटा झाली. उत्तर दारातून बाहेर पडता पडता दिलं.

पहिल्या खोलीतल्या सरांना नाव जमेना. नि-शि-गं-धा, असं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांना आलं.

निकाल दोन्हीकडचे यायचेत. पहिल्या शाळेसाठी एक पानी पत्र लिहून ठेवलंय, कावेरीताईंना वाचायला पाठवते. पहिल्या मुलाखतीच्या मंगळवारपासून १८० दिवस मोजून कॅलेंडरवर खूण केली आहे.