मेणबत्ती, ग्लास आणि 'कशावरून?': सातवीच्या पोरांना वाद घालू द्यावा का?

खडूफळा:
बशीत पाणी, मधोमध मेणबत्ती, वर पालथा ग्लास. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. आपण सगळे शिकलो ते कारण असं: ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, हवेत ऑक्सिजन एक-पंचमांश म्हणून पाणीही तेवढंच. अकरा वर्षं मीही हेच शिकवलं.

यंदा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जळत होती तोवर पाणी फारसं हललंच नाही. विझल्यावर सर्रकन चढलं. ऑक्सिजन काय विझल्यावर संपतो?"

मी फळ्यावर तीन रकाने आखले: म्हणणं, पुरावा, कशावरून. एका गटाने त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी आणखी वर गेलं. ग्लास तोच, मग ऑक्सिजनही तेवढाच ना? ग्लास ठेवल्यावर कडेने बुडबुडे निघाले होते, ते एकीने हेरलं होतं. शेवटी वहीत उतरलं: हवा तापली, थोडी बाहेर गेली, उरलेली निवून आकसली.

माझं मत: परीक्षेत उत्तराला १ मार्क द्या, 'कशावरून'ला ३.

तासिका_३५:
सर, वर्गात ६२ मुलं, ३५ मिनिटं, त्यातली पाच हजेरीत. तीन मेणबत्त्या लावून झाल्या की घंटा होते. आणि 'कशावरून'चे ३ मार्क तपासणार कोण? पेपर तपासणारा नमुना उत्तराशी ताडून बघतो. तुमच्या हुशार मुलीने "हवा आकसली" लिहिलं तर तिचेच मार्क जातील.

खडूफळा:
जातील. म्हणून खोटं कारण पाठ करून घेऊ?

जुनी_प्रयोगवही:
माझा आक्षेप वेळेचा नाही, मुळातलाच आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीने १७७४ मध्ये ऑक्सिजन स्वतःच्या हाताने मिळवला, तरी मरेपर्यंत फ्लोजिस्टनची, म्हणजे जळताना पदार्थातून एक द्रव्य बाहेर पडतं ही जुनी कल्पना सोडली नाही. पुरावा हातात असून अर्थ चुकला. तो थोर माणूस जिथे अडला तिथे बारा वर्षांची पोरं काय दिवे लावणार? आधी सिद्धांत नीट शिकवा.

डोळ्यांनी पाहिलं की पुरावा झाला, हेही खरं नाही. २१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितोय, हे लाखोंनी 'पाहिलं' होतं. आमच्या गल्लीत रांग लागली होती, मीही चमचा घेऊन उभा होतो.

चिमटा_आणि_चंचुपात्र:
चमच्याचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. दूध कुठे गेलं हे दिसावं म्हणून शास्त्रज्ञांनी त्यात रंग घातला, तेव्हा ते मूर्तीवरून ओघळताना दिसलं. रांगेतल्या कुणी 'कशावरून?' विचारलं असतं तर हळदीनेही भागलं असतं.

प्रीस्टलीचं म्हणाल, तर पोरांना ऑक्सिजन शोधायचा नाहीये. कुठलं म्हणणं पुराव्यापुढे टिकत नाही, एवढंच ओळखायचंय. ते त्यांना जमतं. घरी पत्ते खेळताना भावंडांची लबाडी कशी पकडतात बघा.

पण सर, तुमचाही एक धागा सुटलाय. पोरं आता समजतील की हवेत एक-पंचमांश ऑक्सिजन ही थापच. आकडा खरा आहे, २१ टक्के, फक्त मेणबत्ती त्याची साक्षीदार नाही. आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतानाच ती विझते. परीक्षानळी आतून ओली करा, लोहकीस भुरभुरवा, तो चिकटला की नळी पाण्यात उलटी उभी करा. तीन-चार दिवसांत गंज चढतो आणि पाणी साधारण एक-पंचमांश वर येतं. घासणीची स्टीलची तार वापरू नका, ती गंजत नाही. मी एकदा आठवडाभर तिच्याकडे बघत बसलो होतो.

जुनी_प्रयोगवही:
म्हणजे शेवटी कुठला प्रयोग कशाची साक्ष देतो, हे तुम्हीच सांगितलंत. पोरांनी नाही. मी हेच म्हणतोय.

तासिका_३५:
लोहकीस चालेल. नळी खिडकीत ठेवली की रोज दोन मिनिटांचंच काम. वाद मात्र मी ६२ जणांत घालू देणार नाही, बाकावरच्या दोघा-दोघांत घालू दे.

खडूफळा:
@जुनी_प्रयोगवही, नळी पोरांनी सुचवली नाही, मान्य. ती खरं बोलते का, हे पोरं ठरवतील.

सोमवारी लावली. १५ सेंमी लांब आहे, म्हणजे पाणी ३ सेंमीच्या आसपास थांबायला हवं. आज तिसरा दिवस, अडीच झालंय. आणि आत्ताच एकाने हरकत घेतली: नळीचं बूड गोल आहे, मग नुसती पट्टी लावून कसं चालेल? उद्या नळी पाण्याने भरून मोजपात्रात ओततोय.