लायकी नसताना घरं घेतली म्हणे!

चहाबाज: काल इथे कोणीतरी लिहिलं की २००८ ची अमेरिकेतली मंदी "लायकी नसताना मोठाली घरं घेणाऱ्यांनी" आणली, आपले लोक बघा कसे निमूट हप्ते भरत राहिले. डोकंच सणकलं. मी २००५ मध्ये सॅक्रामेंटोजवळ घर घेतलं, मीच ब्रोकरला विचारलं की पगाराच्या स्लिपा देऊ का, तर म्हणाला काही गरज नाही, नुसता आकडा सांगा! पहिली दोन वर्षं व्याज कमी, मग २००७ ला हप्ता एकदम चढला, कारण तोवर फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदर १ टक्क्यावरून ५.२५ वर गेलेला. ब्रोकर कमिशन खिशात घालून मोकळा, बँकेने कर्ज वॉल स्ट्रीटला विकलं, तिथे असल्या कर्जांची मोळी बांधली आणि रेटिंगवाल्यांनी वर ट्रिपल ए चा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असल्याचा, शिक्का मारला. आणि लायकी काढायची ती फक्त माझी?

नाना_एडिसन: लिहिणारा मीच. सही कोणी हात धरून करून घेतली होती का? आम्ही अकरा वर्षं दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये काढली, पोरं बंक बेडवर वाढली. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे अमेरिकेत आल्यावर विसरायचं असतं का? आणि १९७७ चा सीआरए कायदा विसरू नका, गरिबांना कर्ज द्या म्हणून सरकारच बँकांच्या मागे.

पावभाजी_डॅलस: नाना, तो कायदा ठेवी घेणाऱ्या बँकांना. न्यू सेंच्युरीसारख्या सबप्राइम, म्हणजे फेडण्याची खात्री नसलेल्यांना दिलेली कर्जं, वाटून २००७ मध्येच दिवाळं काढलेल्या कंपनीला तो लागूच नव्हता. आणि बँका वाचवायला सरकारने ७०० अब्ज डॉलर मंजूर केले ते चहाबाजसाठी नाही. एआयजी या विमा कंपनीला सरकारने आधी ८५ अब्ज दिले, २००९ च्या मार्चमध्ये तिथेच १६.५ कोटी डॉलर बोनस निघाला. त्यांची काढा की लायकी.

नाना_एडिसन: बँकांनी पैसे व्याजासकट परत केले. चहाबाजने काय परत केलं, घर सोडून नुसती किल्ली?

मेघना_स्टॉकटन: तुमचं चालू द्या, पण असे लोक निघून गेल्यावर शेजाऱ्याचं काय झालं ते मला विचारा. शेजारचं घर जप्त, गवत पिवळं पडून वाळलं, स्विमिंग पूल हिरवागार, डास इतके की अंगणात बसायची सोय नाही. घराची मालक बँक, तिला कोण बोलणार, मग एचओएने, म्हणजे आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेने, नोटीस कोणाला धाडली? मला! माझ्या लॉनमध्ये एक ताटाएवढं सुकलेलं ठिगळ होतं म्हणून.

उकडीचा_मोदक: एचओए म्हणू नका हो, बीपी वाढतं. आमच्या तुळशीला "दर्शनी भागातील अनधिकृत बांधकाम" म्हणाले होते. कुंडी होती, कुंडी!

पावभाजी_डॅलस: माझी दोरीवरची एक चादर. फोटो काढून पाठवला होता, तारीख वेळेसकट.

मेघना_स्टॉकटन: आणि जप्त घरांची थकलेली फी वसूल कोणाकडून? आमची वाढवून. या विषयावर मी रात्रभर बोलू शकते.

चहाबाज: मेघनाताई, एच-वन व्हिसावर होतो, २००८ च्या नोव्हेंबरला नोकरी गेली. तेव्हा नोकरी गेल्यावर देशात राहायची साठ दिवसांची सवलत नव्हती, ती २०१७ ला आली. मिळेल त्या भावात सामान विकलं आणि पुण्याला आलो. बँकेला चार महिने फोन करत होतो की हप्ता कमी करा, दर वेळी नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून गोष्ट. तीन लाख नव्वद हजार डॉलरचं घर शेवटी एक लाख सत्तर हजारला विकलं त्यांनी, तेवढ्याला मीच घेतलं असतं. हो नाना, किल्लीच परत केली, पाकिटात घालून पोस्टाने. आता गवताला पाणी घालायला हडपसरहून येणार होतो का?

नाना_एडिसन: व्हिसाचं पहिल्याच वाक्यात सांगायचं ना राव. बरं, तुमचं नाव यादीतून काढलं, झालं समाधान? तरी कॅलिफोर्नियात घराच्या कर्जापायी बँक मागे लागत नाही म्हणून निभावलं. आणि पगार असून, घराचा भाव पडला म्हणून मुद्दाम किल्ली टाकणारे दोघं तरी मला माहीत आहेत, त्यांच्याबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

उकडीचा_मोदक: मेघना, तुमच्याकडे तेव्हा वाळलेल्या गवताला हिरवा रंग फवारून देणारे यायचे ना?

मेघना_स्टॉकटन: आम्हीच वर्गणी काढून शेजारच्या गवताला मारून घेतला. आठवड्याभरात नोटीस. विनापरवानगी रंगकाम.